जेजुरीत माउलींच्या पालखीबरोबर

ज्ञानेश्वर माउलींचा पालखी सोहळा सासवडहून निघून जेजुरीला पोहोचतो, तो दिवस मला साऱ्या वारीत महत्त्वाचा वाटतो. दिवे घाटाची चढण आणि चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. जेजुरीत मात्र वैष्णवांचा मेळा एका वेगळ्याच दैवताच्या दारात उतरतो. खंडोबा हा धनगरांचा, मराठ्यांचा, कितीतरी ब्राह्मण घराण्यांचाही कुलस्वामी. त्याच्या उपासनेत जागरण आहे, तळी भरणे आहे, बोकडाचा मानही आहे. गळ्यात तुळशीची माळ घालून मांसाहार सोडलेल्या वारकऱ्याला हे सारे परके वाटायला हवे. पण गावकरी पालखीवर भंडारा उधळू लागले, तशी ‘ज्ञानोबा-तुकाराम’ म्हणणारी आमची दिंडीच ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणू लागली.

माझ्या पुढे परभणीकडच्या एक मावशी चालत होत्या. कपाळावरच्या बुक्क्यावर त्यांनी भंडाऱ्याचे बोट ओढले आणि घरच्या देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकाला लावायला म्हणून उरलेली चिमूट पदराच्या गाठीत बांधली.

‘मावशी, माळकऱ्याला हे चालतं का?’ मी विचारले.

‘इठ्ठल माझा हाय, खंडोबा घराण्याचा. घरचं देणं चुकतंय व्हय?’ त्या म्हणाल्या. ‘चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा निवद दावते, झालं.’

एकनाथांनी वाघ्या, गोंधळी, जोशी यांची सोंगे भारुडांत आणली ती याच जाणिवेने, असे मला वाटते. कुलदैवताची जागा न हिरावता विठ्ठल सर्वांचा झाला, आणि मराठी माणसाची सामायिक ओळख घडवण्यात पंथांच्या शिकवणीइतकाच वाटा देवांच्या या शेजारधर्माचा आहे.

अर्थात या शेजारधर्मालाही कुंपण होते. वाटेवर सगळेच एकमेकांना ‘माउली’ म्हणत, पण पंढरपूरच्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला प्रवेश नव्हता. त्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. अभंगांतून शतकानुशतके समता गाणाऱ्या संप्रदायाला हे आपणहून साधले नाही, याची बोच मला जेजुरीच्या त्या पिवळ्याधमक गर्दीतही होतीच. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, म्हणजे दाराबाहेर आहे. वारीतल्या एकोप्याविषयी भरभरून बोलणाऱ्याने आधी तिथे माथा टेकवावा.