बिल कोल्हापूरचं, काम गोव्याचं

रंगकाम आणि दुरुस्तीची कामं घेणारे कोल्हापूरचे एक कंत्राटदार फाईल घेऊन आले. वेर्ण्यातल्या एका कारखान्याच्या शेडचं २० लाखांचं बिल, त्यावर १८ टक्क्यांनी ३ लाख ६० हजार कर. निम्मा सीजीएसटी (केंद्राचा), निम्मा एसजीएसटी (राज्याचा), तोही वेळेत भरलेला. तरी कारखान्याने कराची रक्कम अडवून धरली होती. कारखान्याच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे खरेदीवरच्या कराचं क्रेडिट (वजावट) दाखवणाऱ्या विवरणात, या बिलापुढे ‘क्रेडिट उपलब्ध नाही’ असं येत होतं. खर्च भांडवली, म्हणजे मालमत्तेच्या किमतीत मिळवलेला, धरलेला नव्हता, त्यामुळे एरवी क्रेडिटला अडचण नव्हती.

अशा वेळी आधी जीएसटी क्रमांकांचे पहिले दोन अंक पाहायचे. कंत्राटदार २७, म्हणजे महाराष्ट्र. कारखाना ३०, म्हणजे गोवा. आणि ‘पुरवठ्याचं ठिकाण’ या रकान्यात २७! रंग कोल्हापुरात घेतला, बिल तिथलं, बँक खातंही तिथलं, म्हणून हिशेबनिसाने महाराष्ट्र टाकलं होतं. पण आयजीएसटी (आंतरराज्यीय व्यवहारांवरचा जीएसटी) कायद्याच्या कलम १२(३) प्रमाणे स्थावर मालमत्तेशी थेट संबंधित सेवेचं ठिकाण म्हणजे ती मालमत्ता जिथे आहे ते राज्य. ठिकाण ३० झालं की व्यवहार आंतरराज्यीय, आणि कर आयजीएसटी.

“पण साहेब, पैसे तर तेवढेच भरले ना?” हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि तो रास्तच आहे. अडचण अशी की पैसे चुकीच्या सरकारकडे गेले. १०१व्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद २४६-क संसद आणि विधिमंडळ दोघांनाही जीएसटीचे कायदे करू देतो, पण आंतरराज्यीय व्यवहारावर अधिकार फक्त संसदेला. अनुच्छेद २६९-क प्रमाणे तो कर केंद्र गोळा करतं आणि मग केंद्र-राज्यांत वाटणी होते. माल किंवा सेवा जिथे वापरली गेली त्या राज्याला वाटा, हे या कराचं मूळ तत्त्व. इथे गोव्याच्या हक्काचे १ लाख ८० हजार महाराष्ट्राच्या तिजोरीत बसले होते, आणि एका तिजोरीत भरलेल्या पैशाने दुसरीचं देणं फिटत नाही. पीएमटी-०९ या फॉर्मने खात्यातली रोख एका शीर्षातून (कराच्या प्रकारातून) दुसऱ्यात नेता येते, पण ती कर भरायला वापरलेली नसेल तरच.

उपाय कायद्यातच आहे, फक्त खिशाला जड. आयजीएसटीचे ३ लाख ६० हजार आधी पूर्ण भरायचे. आयजीएसटी कायद्याच्या कलम १९ मुळे त्यावर व्याज लागत नाही. मग सीजीएसटी कलम ७७ आणि नियम ८९(१ए) खाली आरएफडी-०१ अर्जाने आधीचा कर परत मागायचा. मुदत योग्य शीर्षाखाली कर भरल्यापासून २ वर्षं. आधी जितका रोखीने भरला तितका बँकेत येतो, क्रेडिटमधून भरलेला क्रेडिट खात्यात. अर्जात त्रुटी निघाली तर आरएफडी-०३ हा त्रुटींचा मेमो येतो आणि नवा अर्ज करावा लागतो. पूर्ण अर्जावर ६० दिवसांत आदेश व्हायला हवा. लहान कंत्राटदाराची एवढी रक्कम इतके दिवस अडकणं मला अन्यायाचं वाटतं.

बहुतेक घोटाळा पुढच्या पायरीवर होतो. घाईने क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढून जुना कर वजा करून घेतला, तर त्याच कराचा परतावा मिळत नाही. २५ सप्टेंबर २०२१ च्या परिपत्रकात हे स्पष्ट आहे. दोन्हींपैकी एकच वाट धरायची. बिलाची दुरुस्ती पुढच्या आर्थिक वर्षातल्या ३० नोव्हेंबरच्या आत हवी, नाहीतर कारखान्याची क्रेडिटची मुदतही टळते.

काम लांबून गोव्यात कायमची साईट, माणसं आणि कार्यालय उभं राहिलं, तर मात्र तिथे नोंदणी घ्यावी लागते, आणि मग गोव्याचाच सीजीएसटी-एसजीएसटी लागतो. या कंत्राटदाराचं काम तेवढं नव्हतं. परताव्याचा अर्ज महाराष्ट्रातल्या नोंदणीवरच केला. दोन्ही करांसाठी दोन कार्यालयांच्या फेऱ्या लागत नाहीत. केंद्राचा असो वा राज्याचा, नेमलेला एकच अधिकारी दोन्ही भागांचा आदेश काढतो.