दोन भूप, दोन पिलू आणि लेबलजवळची खाच

सध्या चार तबकड्या आलटून पालटून ऐकणं चालू आहे. किशोरीताईंची (किशोरी आमोणकर) भूप-बागेश्री, 1967 ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’, सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांची 1955 ची न्यूयॉर्कमध्ये झालेली तबकडी आणि लताबाईंची ‘अभंग तुकयाचे’. निवड सहज झालेली नाही. भूप दोन तबकड्यांवर आहे, पिलूही दोन तबकड्यांवर आहे, आणि असे राग जोडीने ऐकले की एरवी कानाआड होणाऱ्या गोष्टी नेमक्या कळतात. अभंगांची तबकडी का, ते पुढे येईल.

आधी तबकडीबद्दल एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एलपी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, बाहेरच्या कडेलाही आणि लेबलजवळही. पण बाहेरचा फेरा मोठा आणि आतला लहान. बाहेरच्या कडेला पिनेखालून सेकंदाला साधारण 51 सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम 21. म्हणजे तेवढाच आवाज तिथे निम्म्याहून कमी जागेत कोरावा लागतो. खाचेची वळणं दाटीने येतात, पिनेला ती नीट घेता येत नाहीत आणि वरचे, धारदार ध्वनी फाटतात. आता आपला ख्याल कसा उलगडतो ते आठवा. संथ आलाप, मग बढत (रागाचा हळूहळू विस्तार), मग द्रुत (जलद लय) आणि ताना. म्हणजे सर्वांत मोकळी जागा मिळते ती सर्वांत संथ गाण्याला, आणि तानांच्या वाट्याला येते सगळ्यात अडचणीची. जुनी तबकडी लावली की शेवटच्या पाच मिनिटांत तार सप्तक चरचरतं, आणि लोक ‘रेकॉर्ड झिजलीय’ म्हणून बाजूला ठेवतात. बरेचदा ती झिजलेली नसते. कार्ट्रिज (पिन ज्यात बसवलेली असते तो छोटा भाग) वाकडं बसलेलं असतं, किंवा पिन संपलेली असते.

भूप

किशोरीताईंच्या तबकडीची एक अख्खी बाजू भूपाला दिलेली आहे. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, ‘प्रथम सुर साधे’, मग द्रुत तीनतालात ‘सहेला रे’. दुसऱ्या बाजूला बागेश्री. भूपात सा, रे, ग, प, ध एवढे पाचच सूर. म आणि नी नाहीत. हेच पाच सूर देशकारातही आहेत, पण देशकाराचा जीव धैवतात (ध) आणि भूपाचा गंधारात (ग). विलंबितात प्रत्येक वाक्य शेवटी कुठे विसावतं याकडे लक्ष द्या. पंचमावरून (प) गंधारावर येणारी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, ऐका. ती सरळ रेषेत उतरत नाही, अगदी शेवटी थोडी रेंगाळते आणि मग गंधारावर टेकते. त्या रेंगाळण्यात भूप आहे. धैवतावर मात्र बाई कामापुरत्याच थांबतात, जास्त थांबल्या तर देशकार डोकावेल. आई आणि गुरू मोगूबाई कुर्डीकरांच्या हाताखाली तयार झालेल्या गळ्याची ही शिस्त आहे. आलाप मोकळा वाटतो, पण लयीचा धागा कुठेही सुटत नाही आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना घाई दिसत नाही.

‘सहेला रे’ची आणखी एक गंमत. बंदिशीत गोष्ट आहे सात सुरांच्या भेदांची, आणि ती गायली आहे पाच सुरांच्या रागात. ही चीज लेबलजवळच्या खाचांत येते, तरी बऱ्यापैकी नितळ ऐकू येते, कारण तिची लय अतिद्रुताकडे धावत नाही. अवघड जागा फक्त ताना वर जातात तिथे. आपली पिन तपासायची असेल तर हीच जागा धरा. तार षड्जावर आवाजाच्या कडेला वाळू घासल्यासारखं काही ऐकू आलं, तर दोष पिनेत किंवा कार्ट्रिजमध्ये आहे असं धरून चालावं. गळ्यात तो नाहीच.

‘कॉल ऑफ द व्हॅली’तला भूप झपतालात आहे, दहा मात्रांचा, आणि तो काही मिनिटांतच संपतो. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांचं गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस, अशी कल्पना. सुरुवात एकाच तुकड्यातल्या अहिरभैरव आणि नटभैरवाने, मग पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. या तबकडीमागे एचएमव्हीचे जी. एन. जोशी होते, मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतले गायक.

किशोरीताईंच्या भूपानंतर लगेच हा भूप लावला की संतूरची अडचण लख्ख कळते. संतूरची तार कलमाने (छोट्या लाकडी काडीने) छेडली जाते, एकदा छेडली की सूर तिथेच राहतो, त्याला ओढून दुसऱ्या सुरावर नेता येत नाही. मींड नाही. मग पंचमावरून गंधारावर जायचं कसं? शिवकुमारजी कलमं भराभर हलवून नाद धरून ठेवतात आणि दोन सुरांमधली पोकळी त्या थरथरीने भरतात. जिथे खरोखर ओघळायचं असतं तिथे गिटार किंवा बासरी पुढे येते. काब्रांचं गिटार मांडीवर आडवं ठेवून, तारांवर धातूची कांडी सरकवत वाजवलेलं आहे, त्यामुळे त्यात मींड भरपूर. ही तीन वाद्यं एकत्र आली ती रंगसंगती म्हणून, असं बरेचजण समजतात. माझ्या मते एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली आहे, आणि तबकडी आजही टिकून आहे ती त्यामुळे.

एक सूचना. ही तबकडी मोबाइलवर ऐकताना शफल बंद ठेवा. सकाळ ते रात्र असा क्रम आहे, तो मोडला तर कल्पनेचा अर्थच उरत नाही. शिवाय काही सीडी आवृत्त्यांत पहाडीनंतर जास्तीच्या रचना जोडल्या आहेत. मूळ तबकडी पाचव्या तुकड्यावर संपते, तिथेच थांबावं.

पिलू

1955 साली अली अकबर खाँ अमेरिकेत गेले आणि तिथे एंजल कंपनीने त्यांची तबकडी काढली. सुरुवातीला व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन यांचं बोलणं, मग सिंधु भैरवी आणि पिलू. तबल्यावर चतुरलाल, तानपुऱ्यावर शिरीष गोर. हिंदुस्थानी संगीताची ही पहिली एलपी. त्याआधी 78 च्या (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या) तबकडीत तीन-सव्वातीन मिनिटांत सगळं उरकायचं असे. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ ऐका, तेवढ्याशा वेळात त्यांनी काय काय बसवलं आहे ते कळेल. इथे पहिल्यांदा एका रागाला सलग विसेक मिनिटं मिळाली आणि वादक त्या मोकळ्या जागेत कसा चालतो ते ऐकू येतं.

खाँसाहेबांच्या पिलूत दोन्ही गंधार, दोन्ही निषाद आहेतच, शिवाय जाता जाता बाकीचे सूरही डोकावतात. कोमल गंधारावरून षड्जावर येताना सरोदची तार नखाने दाबून सरकवलेली आहे, आणि जव्याचा (तार छेडायच्या तुकड्याचा) आघात विरत गेला तरी सूर सरकतच राहतो. मग ‘कॉल ऑफ द व्हॅली’तला पिलू लावा. काब्रा हे अली अकबर खाँचेच शिष्य. गिटारवर कोमल गंधाराकडे जायची वाट तीच आहे. वाद्य बदललं, हात बदलला, तरी वळण गुरूचंच राहिलं. हे वाचून पटत नाही, दोन्ही पिलू पाठोपाठ ऐकल्यावर पटतं.

1955 ची मूळ तबकडी मोनो आहे, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला एकच आवाज. स्टिरिओ कार्ट्रिजने ती वाजवली तर खाचेच्या दोन्ही भिंतींचा कचकचाट वेगवेगळा येतो. ॲम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा. डावा-उजवा एकत्र झाला की पिनेच्या वर-खाली हलण्यातून येणारा गोंगाट बराचसा एकमेकांना खाऊन टाकतो आणि सरोद पुढे येतो. बटण नसेल तर संगणकावर घेऊन दोन्ही चॅनल मिसळा, काम तेच होतं.

‘सुंदर’मधला स

श्रीनिवास खळ्यांच्या चालीतले तुकोबांचे अभंग लताबाईंनी गायले, त्या तबकडीबद्दल महाराष्ट्रात नव्याने सांगावं असं काही नाही. ‘भेटीलागी जीवा’ची चाल ऐकायला साधी आहे आणि गायला बसलं की घाम काढते, एवढंच म्हणतो. इथे ती घेतली तिच्या सकारासाठी. ‘सुंदर ते ध्यान’चा पहिला ‘स’, ‘कन्या सासुरासी’मधले तीन स. कार्ट्रिज नीट बसलेलं असेल तर स स्वच्छ येतो. तिरकं असेल तर त्याचा ‘श्श्ख’ होतो, थुंकी उडाल्यासारखा.

तो दोष असा काढायचा. कार्ट्रिज बसवताना वापरायची पट्टी छापून मिळते. तिच्यावर मध्यापासून 66 आणि 120.9 मिलिमीटरवर दोन खुणा असतात. दोन्ही खुणांवर पिन ठेवल्यावर कार्ट्रिजची बाजू पट्टीवरच्या रेषांना समांतर दिसली पाहिजे. एका खुणेवर जमलं आणि दुसरीवर नाही, तर स्क्रू सैल करून कार्ट्रिज मिलिमीटरभर पुढे किंवा मागे घ्यावं. छापताना पट्टी लहान-मोठी तर झाली नाही ना, ते साध्या फूटपट्टीने आधी तपासा. बहुतेक चुका इथेच होतात. मग पिनेचा भार. नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजना दोन ग्रॅमच्या आसपास लागतो, नेमका आकडा कार्ट्रिजच्या कागदावर असतो. तबकडीची काळजी म्हणून भार कमी ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातच नुकसान आहे. हलकी पिन खाचेत टेकून राहत नाही, उसळते, भिंतींवर आपटते. दिलेल्या मर्यादेच्या मधोमध किंवा किंचित वर ठेवावा. पिनेचं आयुष्य घडणीप्रमाणे साधारण 300 ते 500 तास. वीस मिनिटांची बाजू धरली तर 900 ते 1500 बाजू. वहीत रेघा मारत गेलं की हिशेब आपोआप राहतो.

तानपुरा खोटं बोलत नाही

आपल्या संगीतात तानपुरा सतत वाजत असल्याने टर्नटेबलचा प्रत्येक दोष उघडा पडतो. भोक मध्यावर नसलेली तबकडी दर फेऱ्याला, म्हणजे दर 1.8 सेकंदाला, एकदा वर आणि एकदा खाली झुलते. ऑर्केस्ट्राच्या गलबल्यात हे खपून जातं, तानपुऱ्याच्या षड्जात नाही. भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं असेल तर बाहेरच्या कडेला सूर 0.3 टक्क्यांच्या आसपास हलतो, लेबलजवळ 0.8 टक्के, म्हणजे हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा सातवा भाग. पुन्हा आतलीच खाच. टोनआर्मकडे (पिन धरणाऱ्या दांडीकडे) समोरून पाहा. तो डावी-उजवीकडे डुलत असेल तर हाच दोष. भोकात थोडी ढिलाई असली तर तबकडी बोटाने किंचित सरकवून डुलणं कमी करता येतं.

वेग मोजायला रेघांची चकती लागते. विजेच्या दिव्याच्या लुकलुकण्यात रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून 33⅓ साठी 180 रेघांची चकती हवी. अमेरिकेतून आलेल्या किंवा तिथल्या फाइलवरून छापलेल्या चकतीवर 216 रेघा असतात. ती आपल्या दिव्याखाली स्थिर दिसेपर्यंत वेग कमी केला तर टर्नटेबल 27.8 फेऱ्यांवर येतं आणि किशोरीताई भलत्याच खर्जात जातात. एलईडी दिवे बरेचदा लुकलुकत नाहीत किंवा भलत्या गतीने लुकलुकतात, जुना पिवळा बल्ब लावावा. सहा टक्के फरक म्हणजे पूर्ण एक पट्टी, काळी एकची पांढरी दोन. टर्नटेबल फिरवणारा बेल्ट सैल झाला की आधी वेग उतरतो.

धुणं

कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात कागदी पाकिटातल्या तबकड्यांवर पांढुरके ठिपके येतात. ती बुरशी असते, आणि पिन तिच्यावरून गेली की दोन्हींचं नुकसान. विनाइलसाठी 800 मिलि डिस्टिल्ड वॉटर, 200 मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्याच्या बिनरंगी साबणाचे दोन-तीन थेंब. खाचेच्या दिशेने, गोल फिरवत पुसायचं, आडवं कधीच नाही. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा, नाहीतर साबण खाचेत राहतो. नळाचं पाणी नको, क्षार राहतात. उभी ठेवून अर्धा तास वाळवावी, जुलैत दोन तास. 78 च्या तबकडीला मात्र अल्कोहोल लावायचं नाही. ती लाखेची असते आणि लाख अल्कोहोलात विरघळते. तिला डिस्टिल्ड पाणी आणि थेंबभर साबण पुरे. लेबलवर काहीच पडू देऊ नका.

पुढच्या महिन्यासाठी बागेश्रीची बाजू बाकी आहे. भूपाच्या बाजूला इतके दिवस गेले की तबकडी उलटायची राहूनच गेली.