ड्रिल जिग, पण डोक्यासाठी

बाबांना मागच्या वर्षी ब्रेन हॅमरेज झालं. बीपीमुळे, डावीकडे आत खोल. डॉक्टरांनी सीटीवर मोजून दाखवलं, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले दोन, म्हणजे ४ बाय ३ बाय ३ सेंटीमीटरची रक्ताची गाठ १८ मिली भरते, छोटी आहे, ऑपरेशन नको. मग गोळ्या आणि फिजिओ. उजवा हात अजून म्हणावा तसा चालत नाही, पण चहाचा कप धरतात आता.

त्या दिवसांत रात्री झोप यायची नाही, मग मोबाईलवर वाचत बसायचो. चीनमध्ये काही डॉक्टर अशा गाठीसाठी पेशंटच्या चेहऱ्यावर बसेल असा अर्धा मुखवटा थ्रीडी प्रिंट करतात, त्याला एक नळीसारखं भोक असतं, त्यातूनच कवटीला छिद्र पाडायचं आणि बारीक ट्यूब सरळ गाठीत सोडायची. मी भोसरीत टूलरूममध्ये काम करतो, बघितल्या बघितल्या म्हटलं अरे हे तर आपलं ड्रिल जिग, म्हणजे ड्रिल नेमक्या जागी आणि सरळ जावं म्हणून कामाच्या तुकड्यावर बसवतो तो साचा! ते भोक म्हणजे ड्रिलला वाट दाखवणारा बुश, आणि नाकाचा वरचा भाग, भुवयांची हाडं, कान हे लोकेटर, म्हणजे जिग जागेवर अडकवणारे टेकू. कपाळ गुळगुळीत असतं, नुसतं तिथं टेकवलं तर जिग फिरणार, नाकावर अडकवलं की हलायला जागाच नाही. गाठ लांबट असेल तर कपाळाकडून तिच्या लांबीतच ट्यूब घालतात, म्हणजे ट्यूबच्या बाजूची सगळी भोकं रक्तात येतात, आणि किती आत जायचं तेही आधीच ठरलेलं, आपण स्टॉपर लावतो तसं. नंतर गोठलेलं रक्त विरघळवणारं औषध सोडून गाठ हळूहळू बाहेर काढतात.

प्रिंटला काही तास लागतात, तोवर पेशंटचं काय, हा माझा पहिला प्रश्न. पण तसंही रक्त वाढायचं थांबलंय का ते बघायला दुसरा सीटी काढतात, २०१९ ला आलेल्या मिस्टी ३ या मोठ्या ट्रायलमध्येसुद्धा निदान सहा तासांनी काढायचे. (त्यात ट्यूब घातलेल्यांचा एकूण निकाल साध्या उपचारापेक्षा फार काही सरस आला नाही, पण ज्यांची गाठ १५ मिली किंवा त्याखाली आली ते बरे सुधारले, म्हणजे ट्यूब नेमकी बसणं हाच खेळ.) आणि एक गोष्ट, पीएलए हे प्रिंटचं प्लास्टिक साठेक डिग्रीला मऊ पडतं, ऑटोक्लेव्हमध्ये म्हणजे वाफेच्या निर्जंतुक यंत्रात १२१ डिग्रीला टाकलं तर जिगचा लाडू होईल, म्हणून गॅस किंवा प्लाझ्माने निर्जंतुक करावं लागतं.

मग मला राहवेना, बाबांच्या सीटीची सीडी काढली आणि थ्रीडी स्लायसरमध्ये टाकली, सीटीवरून थ्रीडी आकार काढणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. ताजं रक्त सीटीवर पांढरं दिसतं म्हणून गाठ लगेच वेगळी झाली. पण चेहरा काढला तर नाकाच्या पायऱ्या पायऱ्या! सीटीच्या स्लाइस, म्हणजे काप, ५ मिलीमीटरच्या होत्या, जिगला एक किंवा त्याहून कमीच्या लागतात. असल्या नाकावर जिग बसवणं म्हणजे फाईल (कानस) न मारलेल्या ओबडधोबड कास्टिंगवर लोकेट करण्यासारखं, सुपरवायझरने हाकललं असतं.

म्हणून नुसती गाठ प्रिंट केली, लाल फिलामेंटमध्ये. आली तीही पायऱ्यापायऱ्यांचीच. बाबांनी उजव्या हातात घेतली, बराच वेळ फिरवत बसले आणि म्हणाले, "ह्याला फाईल मार रे जरा." आईने ती कपाटात वरच्या फळीवर ठेवलीय, पाहुण्यांसमोर काढायची नाही असं बजावून.