एमसीव्ही १०३, दोनदा

पुण्यात मी रोज रक्ताच्या स्लाइड वाचते. २०२३ मध्ये काही आठवडे हिरोशिमात शिकायला होते, तेव्हाची गोष्ट.

त्या सकाळी दोन चुलतबहिणी आल्या, दोघी ऐंशी ओलांडलेल्या. दोघींचा एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, १०३, म्हणजे जरा जास्तच. हिमोग्लोबिन ठीक. आपल्याकडे अशा वेळी 'बी-ट्वेल्व्ह करून घ्या' म्हणायचं आणि पुढची ट्यूब उचलायची. इथे तेही झालं होतं, नॉर्मल.

थोरल्या आजींनी पिशवीतून फाईल काढली. १९४५ च्या अणुबॉम्बनंतर पडलेला किरणोत्सारी 'काळा पाऊस' जिथे जोरात झाला, तो पट्टा सरकारने १९७६ मध्ये ठरवला, त्यात त्यांचं गाव आलं आणि मोफत तपासण्या सुरू झाल्या. जुन्या कागदांवर एमसीव्ही छापलेलाच नव्हता. पण हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का, ३९ आणि तांबड्या पेशी ४२ लाख होत्या. कोपऱ्यात भागाकार करून एमसीव्ही काढला: ९३. पुढचा कागद, ९३. त्यापुढचा, ९४. वर्षानुवर्षं तेच. आणि शेवटच्या सहा वर्षांत ९७, १००, १०३. सुटा कागद बघितला असता तर मीही 'वय झालंय' म्हणून सोडून दिला असता. स्लाइड लावली. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाला दोनच पाळ्या, मध्ये बारीक दोरा, हुबेहूब चष्मा. मायलोडिस्प्लेशियाचा, म्हणजे बोन मॅरोत रक्तपेशी नीट न घडण्याच्या आजाराचा संशय, आता ती बोन मॅरो बघायला हवी. ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची लाट बॉम्बनंतर सहा-आठ वर्षांत येऊन ओसरली. हा आजार मात्र बॉम्बमधून वाचलेल्यांत चाळीस-साठ वर्षांनीही वाढलेला आढळला आहे.

"त्या पावसामुळेच का?" आजींनी विचारलं. आमचे ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, "वयानेही होतं. सांगता येत नाही." उत्तर प्रामाणिक होतं. आजींना ते पुरलं नाही, हे दुभाष्याशिवाय कळलं.

धाकटीचं गाव नदीपलीकडे. पाऊस तिच्याही अंगावर पडला, पण पट्ट्याची हद्द नदीवरच थांबली होती. २०२१ च्या हायकोर्टाच्या निकालानंतर नियम बदलले आणि २०२२ मध्ये तिला बाधितांची पुस्तिका, म्हणजे बॉम्बबाधित असल्याचं सरकारी ओळखपत्र मिळालं, तेही मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं म्हणून. तिच्याकडे आजचा एकच कागद. हे १०३ जन्माचं की कालचं, कसं ओळखणार? स्लाइडही साफ होती. तीन महिन्यांनी बोलावलं.

तिने कागदाची घडी घालून थोरलीच्या फाईलमध्ये सरकवायला घेतली. थोरलीने हात धरला. "स्वतःची घे," दुभाष्याने हसत सांगितलं, "आणि जाडजूड बघून घे."