कवितेच्या आडोशाला

जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात मी सातवीला निबंध दिला होता, 'धैर्य म्हणजे काय'. 38 वह्या जमा झाल्या. बहुतेक सगळ्या तलवारीपासून सुरू होऊन गडावर संपत होत्या, आणि वाक्यंही तीच, गाइडातून उतरवलेली. अक्षर सुंदर, समास नीट सोडलेला, पण आत मूल कुठेच नाही. त्या वह्या तपासताना मी ठरवलं की या वर्षी हा एक विषय सोडायचा नाही. मुख्याध्यापिकांना जाऊन सांगितलं, त्यांनी शुक्रवारचा शेवटचा तास दिला.

आमची शाळा परळ-लालबागच्या पट्ट्यातली, मराठी माध्यमाची. मुलं चाळींतून येतात, शिवडी-वडाळ्याच्या वस्त्यांतून येतात, काही पुनर्वसनाच्या टॉवरमधल्या छोट्या घरांतून. बारा-तेरा वर्षांचं वय. या वयात पडण्याची, मार खाण्याची भीती असते, पण सगळ्यात मोठी भीती असते कोणी हसेल याची. हे मला एकोणीस वर्षं शिकवून माहीत होतं, तरी वेळेवर आठवलं नाही. ते पुढे सांगते.

सुरुवात मी मुलांच्या आवडीच्या जागेवरून केली. 24 फेब्रुवारी 1674, नेसरीची खिंड, बहलोलखानाच्या फौजेवर सहा स्वारांसह तुटून पडलेले प्रतापराव गुजर, आणि त्यांच्यावरची कुसुमाग्रजांची कविता. वर्गाने बाकं वाजवून ताल धरला. शेजारच्या वर्गातल्या सरांनी डोकावून पाहिलं, इतका आवाज. कविता संपल्यावर दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, जाताना त्यांच्या पोटात गोळा आला असेल का?" वर्गाने तिला लगेच गप्प केलं. मावळे घाबरत नसतात. तास संपत आला होता, मीही "छान प्रश्न आहे" म्हणून पुढे गेले. पण घरी जाताना लोकलमध्ये तोच प्रश्न डोक्यात होता. आम्ही मुलांना शूर माणसं देतो ती भीती काढून घेऊन देतो. मग आपल्या पोटातला गोळा जाणवला की मुलाला वाटतं, आपण त्यातले नाही.

इथेच माझ्या हातून चूक झाली. पुढच्या शुक्रवारी मी सांगितलं, 'मला कशाची भीती वाटते' यावर पाच ओळी लिहा. लिहून झाल्यावर चार-पाच जणांना वाचायला उभं केलं. हेतू चांगला होता, मोकळेपणा यावा. एका मुलाने प्रामाणिकपणे लिहिलं होतं. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, रात्री तिथला दिवा बहुतेक वेळा गेलेला, आणि एकट्याने जायची त्याला भीती वाटते, म्हणून तो सकाळपर्यंत थांबतो. त्याने ते वाचलं आणि वर्ग फुटला. मी ओरडून गप्प केलं, पण उशीर झाला होता. शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचेतो त्याला नाव पडलं होतं. त्यानंतर तो वर्गात बोलायचाच बंद झाला. हजेरीला "उपस्थित" एवढंच.

त्या शनिवार-रविवारी मला नीट झोप लागली नाही. सोमवारी मी वर्गासमोर उभी राहून सांगितलं की चूक माझी होती, कोणाच्या मनातली गोष्ट अशी सगळ्यांपुढे मागायला नको होती, आणि त्याची माफी मागते. वर्ग शांत झाला. तो मुलगा खाली बघत होता. माफीने तसं लगेच काही सुधारलं नाही. पण मला एक कळलं होतं. मुलांना स्वतःबद्दल बोलायला लावायचं नाही. त्यांना आडोसा द्यायचा. गोष्टीतल्या माणसाबद्दल बोलता बोलता मूल जे बोलायचं ते बोलतं, आणि हसलं तरी कोणी त्याला हसत नाही, गोष्टीतल्या माणसाला हसतं. तेवढं अंतर त्या वयाला लागतंच.

म्हणून ऑगस्टमध्ये 'श्यामची आई' घेतलं, त्यातला पोहण्याचा प्रसंग. गावातली मुलं विहिरीवर पोहायला निघालीत, श्याम घाबरून माळ्यावर लपून बसलाय, आई त्याला शोधून काढते आणि शिमटीने मारत बाहेर काढते. साने गुरुजींनी स्वतःचं लपणं लपवलेलं नाही, आणि मला नेमकं हेच हवं होतं. मुलं तुटून पडली. अर्धा वर्ग म्हणाला आईचं बरोबर, अर्धा म्हणाला मारून कोणाला पोहता येत नाही. एका मुलीने तर ठासून सांगितलं की तो पोहला तो माराने नव्हे, पाण्यात बरोबर माणसं होती म्हणून. नंतर आई त्याला दही देते, त्यावरही भांडण झालं, ते दही म्हणजे कौतुक की माफी. मी मारण्याची बाजू घेतली नाही आणि घेणारही नाही, पण ते वाक्य गाळलंही नाही. आणि अचानक कोपऱ्यातून आवाज आला, महिनाभरात पहिल्यांदा. "श्यामला पाण्याची नाही बाई, पोरं हसतील त्याची भीती असणार." कोणी हसलं नाही. काही जणांनी मान हलवली. मी फळ्यावर ते वाक्य लिहिलं आणि खाली कोणाचंही नाव न घालता पुढे गेले.

मग आम्ही शब्दांकडे वळलो, आणि माझ्या मते वर्षातले सर्वांत सकस तास हेच. फळ्यावर शौर्य, धाडस, हिंमत, धैर्य, धीर असे शब्द लिहिले आणि विचारलं, यातला कुठला शब्द कुठल्या क्रियापदाबरोबर जातो? शौर्य गाजवतात. धाडस करतात. हिंमत करतात, होते, खचते. धीर मात्र धरतात, सोडतात, सुटतो, खचतो, आणि देतात. "धाडस देता येतं का?" मी विचारलं. थोडा वेळ विचार करून सगळे नाही म्हणाले. "शौर्य?" नाही. "धीर?" हो. एका मुलीने सांगितलं, तिची आजी आजोबांच्या ऑपरेशनच्या वेळी केईएमच्या व्हरांड्यात बसली होती, शेजारच्या अनोळखी बाईने तिला धीर दिला आणि अर्धी पोळीही. फळ्यावरचे बाकीचे शब्द एकट्याने मिरवायचे. हा एकच दुसऱ्याला देता येतो, आणि आपल्याकडे नसला तर मागूनही घेता येतो. मुलांनी हे स्वतः शोधलं. मी फक्त खडू धरला होता.

दिवाळीच्या सुट्टीत एकच गृहपाठ दिला, घरातल्या मोठ्या माणसाला विचारा की तुम्ही धीर कधी धरला. आमच्या भागात त्याचं उत्तर एका तारखेकडे जातं. 18 जानेवारी 1982, गिरण्यांचा संप. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुष्कळजण परत कधीच आत गेले नाहीत. आज त्या जागांवर मॉल आणि टॉवर उभे आहेत, मुलं रोज त्यांच्या सावलीतून शाळेत येतात. मला वाटलं होतं मोर्च्यांच्या, घोषणांच्या गोष्टी येतील. आल्याही. पण एकाच्या आजीने सांगितलं होतं, "धीर कसला? उधारी संपल्यावर पुन्हा त्याच वाण्याच्या दुकानात पिशवी घेऊन जायचं, तेवढाच." मुलाने ते आजीच्याच शब्दांत लिहून आणलं होतं. जूनमधल्या निबंधांशेजारी मी ती वही ठेवून पाहिली.

त्याच्याबरोबर नारायण सुर्वे घेतले. रस्त्यावर सापडलेलं तान्हं मूल, गिरणीत काम करणाऱ्या गंगाराम सुर्वे यांनी घरी नेलेलं. मोठेपणी महापालिकेच्या शाळेत शिपाई, पुढे शिक्षक, आणि 1962 साली 'ऐसा गा मी ब्रह्म' हा संग्रह. शाळेत शिपाई होता हे ऐकल्यावर मुलांनी एकदम दाराकडे पाहिलं. आमचे शिपाईकाका तेव्हाच सूचनावही घेऊन आले होते. त्यांनाच थांबवून मुलांनी सुर्व्यांची एक कविता वाचायला लावली. त्यांनी अडखळत पण शेवटपर्यंत वाचली.

बहिणाबाईंची वैधव्यावरची कविताही घेतली होती. ती जमली नाही. खानदेशी बोली समजावण्यात तास गेला आणि कविता हाती लागण्याआधी घंटा झाली. पुढच्या वर्षी आधी ऐकवीन आणि मग वाचीन.

जानेवारीत, सावित्रीबाईंच्या जयंतीच्या आठवड्यात, त्यांचं 1868 सालचं जोतिरावांना लिहिलेलं पत्र घेतलं. शाळांतल्या भाषणांत सावित्रीबाई म्हणजे शेणगोळे आणि दुसरं लुगडं, एवढंच येतं. या पत्रात त्या नायगावला आहेत. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सार्जा नावाची महार मुलगी यांचं प्रेम जुळलंय, ती गरोदर आहे, आणि गावकरी दोघांना मारत, गावातून फिरवत ठार करायला निघालेत. सावित्रीबाई धावत जातात आणि इंग्रज सरकारच्या कायद्याने काय होईल याची भीती घालून जमावाला थांबवतात. पुढे त्या दोघांना जोतिरावांकडे पाठवून देतात.

आम्ही त्याचं नाट्यीकरण केलं. गावकरी व्हायला सगळे तयार, सावित्रीबाई व्हायला कोणी नाही. शेवटी ती 'पोटात गोळा'वाली मुलगी उभी राहिली. बारा मुलं ओरडत अंगावर आली तेव्हा तिचा आवाज फुटलाच नाही, ती रडवेली झाली. मी थांबवायला निघाले, तिने हात केला. दुसऱ्यांदा ती ओरडली नाही. जमावातल्या एकाच मुलासमोर जाऊन, त्याच्याकडे बघत, हळू आवाजात म्हणाली, "खून केलात तर फाशी होईल. तुमचं नाव मी सांगीन." गोंगाट आपोआप खाली आला. नंतर गावकरी झालेला एक मुलगा म्हणाला, "बाई, घोळक्यात ओरडायला काहीच लागत नाही. ती माझ्या एकट्याकडे आली तेव्हा मला कसंतरी झालं." त्या दुसऱ्या शुक्रवारी हसणाऱ्यांत तो सर्वांत पुढे होता.

एका पालकांना हा धडा आवडला नाही. मुलांना प्रेमाबिमाचं आणि जातीचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी मूळ पत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि वाचायला दिलं. त्यांचं मत बदललं असं नाही, पण मुलाला त्यांनी शुक्रवारी घरी ठेवलं नाही, याचं मला मोल आहे.

त्याच ओघात मुक्ता साळवे आली. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी, जिचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. महार-मांगांचं दुःख लिहिता लिहिता ती थेट देवालाच विचारते की आमचा धर्म कोणता ते आम्हाला कळू दे. मुलांना सगळ्यात नवल याचं वाटलं की हा शाळेतल्या मुलीचा निबंध आहे. "गाइड नव्हतं ना तेव्हा," एकजण म्हणाला. मी जूनच्या वह्या परत वाटल्या. कोणाला काही सांगावं लागलं नाही. बऱ्याच जणांनी पानं उलटून पाहिली आणि नवं पान घेतलं.

27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, शाळेत मराठी भाषा गौरव दिन. आम्ही 'कणा' ठेवली होती. पुरात घर गेलेला जुना विद्यार्थी भर पावसात सरांकडे येतो, हसत बोलतो, सरांचा हात खिशाकडे गेल्यावर उठतो आणि पैसे नकोत म्हणतो. पाठीवर हात ठेवा आणि लढ म्हणा, एवढंच मागतो. 26 जुलै 2005 ला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा ही मुलं जन्मलीही नव्हती, पण पाणी घरात येणं त्यांना सांगावं लागत नाही. फ्रिजखाली विटा असलेली घरं आहेत.

"धीर मागायला आलाय तो," कोणीतरी म्हणालं, आणि फळ्यावरचा तो शब्द मला पुन्हा दिसला. मग एक प्रश्न आला, जो इतक्या वर्षांत मला स्वतःला पडला नव्हता. "बाई, सरांनी हात ठेवला का? कवितेत सांगितलंच नाही." खरंच नाही सांगितलं. कविता मागण्यावर थांबते.

मी म्हटलं, पुढे काय झालं ते लिहा, वाचून दाखवायचं नाही, फक्त माझ्याकडे द्यायचं. 38 वह्या आल्या. बहुतेक वह्यांत सरांनी हात ठेवला. दोघांचे सर रडले. एकीने लिहिलं की सरांच्या बायकोने आधी टॉवेल दिला, मग चहा, आणि लढ म्हणायचं राहूनच गेलं.

कोपऱ्यातल्या त्या मुलाच्या वहीत दोनच ओळी होत्या. 'सर काही बोलले नाहीत. रात्र झाली होती आणि गल्लीतला दिवा गेला होता, म्हणून सरांनी बॅटरी घेतली आणि त्याच्या घरापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेले.'

मी खाली तारीख घातली, सही केली आणि वही गठ्ठ्याच्या मधोमध ठेवली.