पौंडात पंधरा मिनिटं

मी मूळचा इचलकरंजीचा, आयटीआयला वायरमन ट्रेड केलेला, सुरुवातीची सहा वर्षं पॉवरलूमच्या शेडमध्ये मोटारी आणि स्टार्टर उघडण्यात गेली. आता यॉर्कशायरमध्ये एका छोट्या कॉन्ट्रॅक्टरकडे आहे. ही गोष्ट तीन हिवाळ्यांपूर्वीची, पण अजून डोक्यातनं जात नाही म्हणून लिहितोय.

इथे गावागावात एक व्हिलेज हॉल असतो, आपल्याकडचं समाजमंदिर समजा. बॅडमिंटन, लहान पोरांचा ग्रुप, मतदान, दफनानंतरचं चहापाणी, सगळं तिथेच. कमिटी गावातल्याच लोकांची, पैसे कायम कमी, आणि हॉल जुना, उंच छताचा, गरम करायला महाग. मग भाड्यात हीटिंग धरत नाहीत. भिंतीवर एक डबा असतो, त्यात पौंडाचं नाणं टाकायचं, की हीटर चालू. आपल्या लोकांना हे विचित्र वाटतं, मलाही वाटलं होतं, पण इथल्या म्हाताऱ्यांना काहीच नवल नाही, त्यांच्या लहानपणी घरातच शिलिंग खाणारे मीटर होते. १९७१ ला दशमान नाणी आली तेव्हा मीटर बदलले, २०१७ ला गोल पौंड जाऊन बारा बाजूंचा आला तेव्हा परत बदलले.

तर एका कमिटीच्या खजिनदाराचा फोन, की मीटर नाणी खातो आणि गरम होत नाही असं लोक म्हणतायत, पण माझ्या मते लोकांना सवयच आहे तक्रार करायची, तरी एकदा येऊन बघा. मंगळवारी सकाळी गेलो. बाहेर बर्फ नव्हता पण हॉलच्या आत तोंडातनं वाफ निघत होती. केअरटेकर बाईंनी दार उघडलं, "चहा घेणार का लव्ह?" (इकडे सगळ्यांनाच लव्ह म्हणतात, पहिल्यांदा मी लाजलो होतो.)

वर छताजवळ सहा हीटर, दोन-दोन किलोवॅटचे, लाल न होणारे, त्यामुळे चालू आहे की बंद हे खालनं बघून कळत नाही. प्रत्येकाला ओढायची दोरी. खिशातला पौंड टाकला, कपाटात कॉन्टॅक्टर (मीटरच्या हुकमावर हीटरची वीज जोडणारा मोठा स्विच) खट् करून ओढला, मीटरची सुई पंधरा मिनिटांवर. सगळ्या दोऱ्या ओढल्या. खजिनदार म्हणाले, "बघा, चालतंय की."

हॉलला तीन फेज, म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या लाइनी, प्रत्येकीवर दोन हीटर. मी टाँग टेस्टर लावला, म्हणजे वायरीभोवती चिमटा धरून करंट मोजायचं यंत्र. पहिल्या फेजवर १७ अँपिअर, दुसऱ्यावर १७, तिसऱ्यावर शून्य.

आमच्याकडे शेतकऱ्याच्या पोराला पण कळतं फेज गेला म्हणजे काय. मोटार उचलत नाही, नुसती गुणगुणते, फेज गेल्यावर मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर नसला तर जळते. माझ्या मामाने तशा दोन मोटारी घालवल्यात. पण हीटर बिचारा ओरडत नाही. गार पडून राहतो. बाकीचे चार चालू असतात आणि लोकांना वाटतं आज थंडीच जास्त आहे.

मेन बंद केला, कुलूप घातलं, टेस्टर नीट चालतोय का ते आधी प्रूव्हिंग युनिटच्या डबीवर तपासून घेतलं, मग तिन्ही फेज डेड, म्हणजे वीज नसलेले, असल्याची खात्री केली (इथे हे नाही केलं तर नोकरी जाते, आणि बरोबरच आहे, आम्ही लूमच्या शेडमध्ये जे करायचो ते आठवलं तरी अंगावर काटा येतो). कॉन्टॅक्टर उघडला तर तिसऱ्या फेजची वायर जोडतात ते टर्मिनल काळं, प्लॅस्टिक वितळलेलं, तोच तो जळका वास. कधीतरी स्क्रू नीट आवळला गेला नसणार, तो तापत तापत गेला. कॉन्टॅक्टर ओढणाऱ्या कॉइलची सप्लाय दुसऱ्या फेजवरनं होती म्हणून खट् आवाज मात्र रोज बिनचूक यायचा.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. डोकं फिरलं ते पुढे.

खजिनदार वहीत दर महिन्याचं मेनचं रीडिंग लिहायचे, एकदम शिस्तीत. ऑक्टोबरपासून युनिट कमी झालेले, पण डब्यातली नाणी तेवढीच. मी विचारलं, तुम्हाला हे खटकलं नाही का. म्हणाले, मला वाटलं लोक काटकसर करायला लागलेत. मग मी त्यांना सांगायला लागलो की नाण्याचे मीटर दोन जातीचे असतात, एक युनिट मोजतो, एक मिनिटं मोजतो, आणि तुमचा हा मिनिटांचा आहे, त्याला पुढे काय जोडलंय, किती गरम होतंय याच्याशी देणंघेणं नाही, वीज वापरली काय न वापरली काय, सुई सरकतेय. २०२२ मध्ये विजेचे दर भडकले तेव्हा घरांना सरकारी कमाल दर होता, हॉलसारख्या ठिकाणांना तो लागू नव्हता, तेव्हा यांनी पौंडाला अर्ध्या तासाची पंधरा मिनिटं केलेली. त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता. बारा किलोवॅट, पंधरा मिनिटं, म्हणजे तीन युनिट, त्यांना साधारण तीस पेन्सने पडत होतं म्हणजे नव्वद पेन्स, वर दहा पेन्स दुरुस्तीला. पण फेज गेल्यावर त्याच पौंडात दोनच युनिट.

एवढ्यात केअरटेकर बाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "मग मंगळवारच्या विणकामवाल्या?"

मंगळवारी दुपारी आठ म्हाताऱ्या दोन तास विणायला बसतात. आणि त्या कधीच सहा हीटर लावत नाहीत. कोपऱ्यात बसतात, डोक्यावरच्या दोनच दोऱ्या ओढतात, कारण कमिटीची वीज उगाच का जाळायची. कुठल्या दोन, मी विचारलं. बाईंनी बोट दाखवलं. त्यातला एक तिसऱ्या फेजवरचा.

म्हणजे एक हीटर. पौंडात अर्धा युनिट. दोन तासांचे आठ पौंड, बदल्यात चार युनिट, एक पौंड वीस पेन्सची वीज. आणि फेज असतानाही फार काही वेगळं नव्हतं, दोन पौंड चाळीसची. तिकडे बॅडमिंटनवाले सगळं ढणाढणा लावून दारं उघडी टाकतात, त्यांना भाव बरोबर पडतो. जेवढं कमी जाळाल तेवढं महाग. हा डबा कुणी मुद्दाम तसा बसवलेला नाही, कुणाच्या डोक्यातच आलं नाही, मी स्वतः असले चार बसवलेत आणि मलाही त्या दिवसापर्यंत आलं नव्हतं.

खजिनदार पाकिटाच्या मागे परत परत तीच आकडेमोड करत होते. बोलले काहीच नाहीत.

दोनला त्या आल्याच, स्वेटर, शाली, बिस्किटाच्या डब्यात सुट्टे पौंड. खजिनदारांनी उभं राहून सगळं सांगितलं, लपवलं नाही, मानलं मी त्यांना. पैसे परत देऊ म्हणाले. त्यातली एक म्हणाली, पैशाचं राहू दे, आज फुकट चालवा म्हणजे झालं. नवीन कॉन्टॅक्टर बसवून झालाच होता. खजिनदारांनी खिशातनं नाणी काढून डब्यात टाकली आणि सहाच्या सहा दोऱ्या स्वतः ओढल्या. वीस मिनिटांत दोघींनी स्वेटर काढले, एकीने खिडकी उघडायला लावली, आणि मग ती उठली आणि चार दोऱ्या बंद करून आली.

नंतर तिथे युनिट मोजणारा मीटर बसवायचं काम आम्हालाच मिळालं. पण त्या दिवशी निघताना मी सहज म्हटलं की टेस्टिंगला माझे तीन पौंड गेलेत, बिलात लावतो. खजिनदार म्हणाले नको, थांबा, किल्ली आणली, डबा उघडला आणि माझ्या हातावर तीन नाणी मोजली. दोन पौंड होते, तिसरं मी गाडीत बसल्यावर बघितलं, तो जुना गोल पौंड होता.