रक्तस्राव थांबवायला गर्भाशय काढावंच लागतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून. द्राक्षगर्भानंतर (यात वारेच्या पेशी द्राक्षाच्या घोसासारख्या वाढतात) राहिलेली गाठ किंवा कोरिओकार्सिनोमा (वारेच्या पेशींचा कर्करोग) असलेल्या बाईला रक्तस्राव सुरू झाला की घरचे हेच विचारतात. बहुतेकदा नाही; गर्भाशयाला रक्त नेणाऱ्या धमन्या आतून बंद करून, म्हणजे एम्बोलायझेशननं, स्राव थांबवता येतो. गर्भाशय फाटून पोटात रक्त साठतंय आणि रक्त चढवूनही बीपी टिकत नाही, तेव्हा मात्र थेट ऑपरेशन थिएटर.

‘पिशवी साफ करू’ ही घाई नको. ही गाठ रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली आणि गर्भाशयाच्या भिंतीत घुसलेली असते. क्युरेटिंगमध्ये (पिशवी खरवडताना) भिंतीला भोक पडू शकतं. योनीत निळसर-जांभळी गाठ दिसली तर तिचा तुकडा तपासणीला घ्यायचाच नाही. रक्त वाहत असेल तर घट्ट पॅक ठेवायचा.

एम्बोलायझेशनमध्ये जांघेतल्या धमनीत सुमारे ५ फ्रेंचचं (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) शीथ, म्हणजे बारीक नळी, घालतात, भूल तेवढ्या जागेपुरती. डाय (एक्स-रेवर दिसणारा द्रव) सोडून युटेराइन आर्टरी (गर्भाशयाची धमनी) शोधतात आणि मायक्रोकॅथेटर (आणखी बारीक नळी) तिच्या आत नेतात. एकच बाजू बंद केली तर दुसरीकडून रक्त येत राहतं, म्हणून सहसा दोन्ही बंद करतात.

खरी कसोटी धमनी बंद करायला तिच्यात काय भरायचं याची. जेलफोम (जिलेटिनचा स्पंज) काही आठवड्यांत विरघळतो. पीव्हीए (एक प्रकारचं प्लॅस्टिक) कण साधारण ५०० ते ७०० मायक्रॉनचे घेतात. पण या गाठीत धमनी थेट शिरेला जोडलेली असू शकते. अशा ठिकाणी बारीक कण निसटून फुप्फुसात जातात, म्हणून मोठे कण किंवा ग्लू (आत गेल्यावर घट्ट होणारा चिकट द्रव). नुसती कॉइल (धातूच्या तारेचं वेटोळं) मुख्य धमनीत बसवणं आम्हाला पटत नाही: पुढे आडवाटेने रक्त पोचतं आणि पुन्हा आत शिरायचा आपला रस्ता मात्र बंद. तरीही स्राव परतला तर ओव्हेरियन आर्टरी (अंडाशयाची धमनी) तपासायची.

ओटीपोटात पहिला दिवस जोरात दुखतं, दोन-तीन दिवस ताप असतो. ताप आठवडाभर रेंगाळला किंवा अंगावरून दुर्गंधी स्राव गेला तर जंतुसंसर्ग शोधा.

एम्बोलायझेशननं गाठ बरी होत नाही, ती केमोनेच. कमी जोखमीच्या आजारात मेथोट्रेक्सेट (केमोचं औषध) ५० मिलीग्रॅम १, ३, ५, ७ व्या दिवशी स्नायूत आणि प्रत्येक डोसच्या दुसऱ्या दिवशी फोलिनिक ॲसिड (मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी करणारं औषध). डायमुळे किडनी मंदावली तर मेथोट्रेक्सेट अंगात साचतं, म्हणून पुढच्या डोसआधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघा. बीटा-एचसीजी (गर्भ आणि ही गाठ, दोन्हींमुळे रक्तात वाढणारं संप्रेरक) दर आठवड्याला तपासायचं.

पुढे मूल? होऊ शकतं. केमो संपल्यावर वर्षभर मात्र गर्भनिरोधक हवंच, नाहीतर वाढलेलं एचसीजी गर्भाचं की परतलेल्या गाठीचं, हे कळत नाही.